ताट पडलं की कान दुखतो: आवाज न सोसणाऱ्या कानांविषयी

गणपती जवळ आले की सोलापुरात डीजेचा वाद पेटतो. एकीकडे ‘वर्षातून एकदाच तर असतं’ म्हणणारी मंडळं, दुसरीकडे खिडकीच्या काचा थरथरल्या, म्हाताऱ्या माणसाची छाती धडधडली म्हणून तक्रारी करणारे. आणि एकदाच कुठे असतं? शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती, नवरात्र, शिवाय लग्नाच्या वराती आहेतच. या सगळ्या भांडणात काही माणसं कधी बोलताना दिसत नाहीत. ती त्या दिवशी गावातच नसतात. बार्शीला किंवा मोहोळला नातेवाइकांकडे गेलेली असतात, नाहीतर मागच्या खोलीत दार लावून, कानात बोळे घालून बसलेली असतात. डीजेचं सोडा, शेजारच्या खोलीत स्टीलचं ताट फरशीवर पडलं तरी त्यांच्या कानात कळ जाते.

घरचे म्हणतात नखरे. नातेवाईक म्हणतात मनावर घेतलंय. तपासणीचा रिपोर्ट येतो नॉर्मल, आणि मग तर बोलायची सोयच राहत नाही.

यांना जास्त ऐकू येतं का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच. या माणसांना भिंतीपलीकडची कुजबुज ऐकू येत नाही. बारीक आवाज त्यांना तुमच्या-माझ्याइतकेच ऐकू येतात, कधी कधी कमीच. फरक वरच्या टोकाला असतो. आवाज वाढवत नेला तर ‘आता बस’ असं साधारण माणूस १०० डेसिबलच्या आसपास म्हणतो. यांच्यातली काही माणसं ७० वर म्हणतात, काही तर ६० वर. साधं समोरासमोरचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, मिक्सर ८५ च्या. म्हणजे तुमच्या घरातली रोजची सकाळ यांच्या सहनशक्तीच्या पलीकडची.

डॉक्टर याला हायपरॲक्युसिस म्हणतात. त्यात छटा आहेत. कुणाला आवाज फक्त फार मोठा वाटतो. कुणाला त्याची धास्ती बसते. आणि काहींना चक्क दुखतं: कानात खोलवर टोचतं, जळजळतं, ठणका लागतो, कळ जबड्यात, कानशिलात, मानेत उतरते. हा दुखणारा प्रकार सगळ्यात कमी ओळखला जातो, कारण दुखणं नेहमी लगेच येत नाही. दुपारी कुणी फटाका वाजवतो आणि रात्री कान धरून बसावं लागतं. मग घरच्यांना वाटतं, तेव्हा तर बरी होती की.

सोबत इतर तक्रारी असतात. कानात सतत शिट्टी किंवा गुंई आवाज, दडे बसल्यासारखं वाटणं, पडद्यापाशी काहीतरी फडफडणं. यातलं एखादं असतं, कधी सगळंच असतं.

माझ्या मोठ्या वहिनींना हे आहे. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात सिंकच्या तळाशी जुना टॉवेल घडी घालून ठेवलेला असतो, चमचे वेगळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात उभे असतात, आणि कुकरला शिट्टी येण्याआधी गॅस बारीक होतो. गंमत म्हणजे भाकरी त्या स्वतः थापतात. परातीत भाकरीचा धप-धप आवाज बराच होतो, पण तो बोजड असतो आणि आपल्या हातात असतो, म्हणून सोसतो. तीच परात धुताना उलथनं लागून किण्ण झालं की हातातलं काम थांबतं. अचानक येणारा आणि तारसप्तकातला आवाज बहुतेकांना जास्त लागतो. किती मोठा, एवढ्यावर सगळं ठरत नाही.

कानात नेमकं काय बिघडतं?

आवाज पडद्यावर येतो, पडदा हलतो, त्यामागची तीन इवलीशी हाडं हलतात आणि ती हालचाल आतल्या गोगलगाईसारख्या नळीत, म्हणजे कॉक्लियात पोचते. तिथे रोमपेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. त्या हालचालीचं विजेच्या संदेशात रूपांतर करतात आणि नस तो मेंदूकडे नेते. रोमपेशी जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आता मांडवातला साऊंडवाला डोळ्यांसमोर आणा. वक्त्याचा माइक खराब झालाय, आवाज नीट येत नाही. तो काय करतो? ॲम्प्लिफायरचं बटण वर सरकवतो. वक्ता जेमतेम ऐकू येऊ लागतो, पण आता कुणी माइकजवळ खोकलं तरी मांडव दणाणतो, आणि कुणीच बोलत नसताना कर्ण्यातून कूंऽऽ असा आवाज येत राहतो. कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदू बहुधा हेच करतो, असं संशोधकांचं एक प्रमुख मत आहे. खोकल्याने मांडव दणाणणं म्हणजे आवाज न सोसणं, आणि तो कूंऽऽ म्हणजे कानातली शिट्टी. दोन्ही तक्रारी इतक्या वेळा हातात हात घालून का येतात, ते यावरून कळतं.

हे बटण खरोखर सरकतं, याचा एक सुरेख पुरावा आहे. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या एका गटाने दोन आठवडे कानात बोळे वापरले, दुसऱ्या गटाने कानात मंद सळसळ करणारी छोटी यंत्रं. दोन आठवड्यांनी पहिल्या गटाला तेच आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले, दुसऱ्याला लहान. कान तेच होते, पडदे तेच होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपचारात ती कामाला येणार आहे.

दुखण्याचं कोडं मात्र वेगळं आहे, कारण नुसतं बटण वर गेलं म्हणून दुखायला नको. इथे दोन धागे आहेत. कानाच्या नसेतले सुमारे ९५ टक्के तंतू ऐकण्याचं काम करतात. उरलेले ५ टक्के तंतू कशासाठी, हे बराच काळ नीट उलगडत नव्हतं. २०१५ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की रोमपेशींना इजा झाली की हे तंतू जागे होतात. म्हणजे कानाला स्वतःची वेदना सांगणारी वेगळी वाट असावी. दुसरा धागा मधल्या कानातल्या दोन स्नायूंचा. त्यातला एक सहा मिलिमीटरच्या आसपासचा, शरीरातला सगळ्यात लहान स्नायू आहे. तो सगळ्यात लहान हाडाला धरून असतो. दुसरा पडदा ताणून धरतो, आणि त्याची नस तीच, जी जबड्याच्या स्नायूंना जाते. हा दुसरा स्नायू उगाचच आवळायला लागला तर फडफड, दडा आणि जबड्यापर्यंत जाणारी कळ, तिन्हींचा हिशोब लागतो. यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही, आणि कदाचित वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळं कारण असेल.

मग रिपोर्ट नॉर्मल कसा येतो?

कारण तपासणी दुसराच प्रश्न विचारते. नेहमीच्या ऑडिओमेट्रीत तुम्हाला किती बारीक आवाज ऐकू येतो ते मोजतात. किती मोठा आवाज सोसतो, हे त्यात नसतंच. त्यासाठी वेगळी चाचणी असते आणि ती मागून घ्यावी लागते. शिवाय २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवून दिलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकू येण्याची पातळी पूर्ववत झाली तरी रोमपेशी आणि नस यांच्यातले जोड कायमचे तुटलेले असू शकतात. माणसात हे कितपत घडतं यावर वाद चालू आहे. पण ‘रिपोर्ट नॉर्मल म्हणजे कानात काही नाही’ हे विधान आता कुणी छातीठोकपणे करू नये.

‘सगळं मनाचं आहे’

ताणाने, जागरणाने हे वाढतं, यात शंका नाही. दम्याचा त्रासही ताणाने वाढतो, पण म्हणून आपण पंप काढून घेत नाही. सतत दुखण्याच्या भीतीत जगणारा माणूस चिडचिडा आणि एकलकोंडा होतो. त्यातलं आधी काय आणि नंतर काय, हे घरच्यांनीच परस्पर ठरवून टाकू नये.

मात्र सारखे दिसणारे काही वेगळे प्रकार आहेत, ते ओळखायला हवेत. समोरचा मचमच करून जेवतो, नाक ओढतो, पेनची टिकटिक करतो आणि तुमचं डोकं फिरतं, तर तो मिसोफोनिया. तिथे आवाज किती मोठा याला महत्त्व नसतं, ठरावीक आवाजाने राग येतो. अर्धशिशीच्या वेळी आवाज नकोसा होतो, तो अर्धशिशीबरोबर जातो.

तिसरा प्रकार सोलापूरकरांना सांगायला नको, फक्त त्याचं नाव सांगायला हवं. पूर्व भागात, जिथे पिढ्यान् पिढ्या यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल निघाले, तिथल्या कुठल्याही घरात हा संवाद ऐकायला मिळतो. आजोबांना हाक मारली, ऐकू आली नाही. पुन्हा मारली, नाही. तिसऱ्यांदा जोरात मारली की आजोबा उसळतात: “ओरडतोस कशाला? बहिरा आहे का मी?” घरात हशा पिकतो. पण आजोबा खरं बोलत असतात. आवाजाने रोमपेशी गेल्या की बारीक आवाज अजिबात ऐकू येत नाही, आणि थोडा वाढला की एकदम अंगावर येतो. मधली जागाच उरत नाही. याला रिक्रूटमेंट म्हणतात. त्यावर उपाय हायपरॲक्युसिसपेक्षा वेगळा, नीट बसवलेलं श्रवणयंत्र. यंत्रमागाच्या शेडमध्ये ९० ते १०० डेसिबल आवाज सहज असतो, आणि आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० ची आहे. अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था ८५ च्या वर जाऊ नका म्हणते. तीन डेसिबलने आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, हे कळलं की या पाच डेसिबलचं वजन लक्षात येतं. आणि आपल्याकडे अनेकांचे माग घरातच होते. आठ तासांनी सुटी होऊन जाणार कुठे?

हे कशाने सुरू होतं?

कधी एकाच दणक्याने: कानाजवळ फुटलेला फटाका, स्पीकरच्या भिंतीसमोर काढलेली रात्र. कधी वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने. डोक्याला मार लागल्यावर, कानाच्या संसर्गानंतर. काही स्वमग्न मुलांमध्ये हे लहानपणापासून दिसतं. एका बाजूने तोंड वाकडं होतं तेव्हाही त्या बाजूचा कान आवाज सोसेनासा होतो, कारण त्या सहा मिलिमीटरच्या स्नायूला हुकूम देणारी नस चेहऱ्याचीच असते. बऱ्याचदा कारण सापडतच नाही.

एक दुर्मीळ कारण मुद्दाम सांगतो. आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळीवरचं हाड विरळ होऊन तिथे फट पडते. अशा माणसाला स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, स्वतःची पावलं ऐकू येतात, काहींना डोळ्यांची बुबुळं हलल्याचंही ऐकू येतं, आणि मोठ्या आवाजाने चक्कर येते. १९९८ मध्ये हा आजार पहिल्यांदा नीट वर्णिला गेला. सीटी स्कॅनमध्ये तो दिसतो आणि शस्त्रक्रियेने दुरुस्त होऊ शकतो, म्हणून विचारात घ्यायलाच हवा.

आणि या गोष्टी दिसल्या तर थांबू नका: एका कानाने अचानक ऐकू येणं बंद होणं (हे त्याच दिवशी दाखवा, उपचार जितका लवकर तितका उपयोग), कानात नाडीच्या ठोक्याबरोबर धक-धक ऐकू येणं, चेहरा वाकडा होणं, गरगर फिरल्यासारखी चक्कर.

कान झाकायचे की सवय करायची?

इथे प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. आई म्हणते, बिचारीला त्रास होतो, सगळं बंद ठेवा. काका म्हणतात, बाहेर काढा, सवय झाली की जाईल. माझं मत विचाराल तर दोघंही नुकसान करतात, आणि काका जास्त.

दिवसभर कान झाकून, निवांत खोलीत बसलं की काय होतं हे त्या बोळ्यांच्या प्रयोगाने सांगितलंय. साऊंडवाला बटण आणखी वर नेतो. आज मिक्सर सोसत नाही, काही महिन्यांनी पंखा सोसत नाही. पण दुखणाऱ्या कानाला धरून मिरवणुकीत नेलं, तर दुखणं उचल खातं आणि मिळवलेलं सगळं वाया जातं.

काम करते ती मधली वाट, आणि ती हळू आहे. जिथे खरोखर दणका आहे तिथे, म्हणजे मिरवणूक, लग्नाचा हॉल, रस्त्याचं खोदकाम, तिथे कान पक्के झाका. घरात, बागेत, चार माणसांच्या गप्पांत उघडे ठेवा. घरात मंद, एकसुरी आवाज चालू राहू द्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात कूलर ते काम फुकटात करतो. एरवी मोबाइलवर पावसाचा किंवा सळसळीचा आवाज लावता येतो, अगदी हलका, दुखणार नाही इतका. आठवड्या-आठवड्यांनी तो जरासा वाढवायचा. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याच्या तक्रारी तपासणारे तज्ज्ञ, हेच काम कानात घालायच्या यंत्राने आणि समुपदेशन जोडून करतात. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे भीती आणि टाळाटाळीचं चक्र सोडवणारी बोलण्याची उपचारपद्धत, हिचा उपयोग झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. दुखणाऱ्या प्रकारात सगळं आणखी संथ जातं आणि काहींना फारसा फरक पडत नाही, हेही खरं.

यासाठी सिद्ध झालेली गोळी आज नाही. नसांच्या वेदनेवरची औषधं काही डॉक्टर देऊन पाहतात. आतल्या कानाच्या खिडकीवर पापुद्रा बसवण्याची शस्त्रक्रिया काही ठिकाणी होते, पण ती अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. कानात गरम तेल, मेणबत्ती, इंटरनेटवरचे ‘कान रिस्टोर’ करणारे थेंब यांवर पैसे घालवू नका. पडद्याला भोक असेल तर तेलाने उलट संसर्ग होऊ शकतो.

बोळ्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सगळे चुकतात. कापसाच्या बोळ्याने जवळजवळ काही अडत नाही. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग चांगले, पण ते नुसते दाबून बसवायचे नसतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. अर्धा प्लग बाहेर डोकावत असेल तर तो दागिना आहे. फारच गोंगाट असेल तर वरून कान झाकणारे जाड कप, म्हणजे इअरमफ.

दाखवायचं कुठे, आणि आत गेल्यावर काय सांगायचं?

सुरुवात कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून. सिव्हिलला, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, बाह्यरुग्ण विभाग आहे. खासगी डॉक्टर आणि ऑडिओलॉजिस्टही शहरात आहेत. पुढे जायची वेळ आली तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, या दोन्ही सरकारी आहेत.

दारातून आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हे असू द्या: “मला मोठ्या आवाजाने कान दुखतो, चाचणीत आवाज हळूहळू वाढवा आणि मी हात केला की थांबवा.” कारण सहनशक्तीच्या चाचणीत आणि कानातल्या स्नायूच्या चाचणीत मोठे आवाज वापरतात. मळ काढायचं सक्शन कानात फार घोंगावतं. मळ काढण्याची दुसरी पद्धत विचारा. एमआरआय सांगितला तर त्या यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. प्लग आणि इअरमफ दोन्ही मागा, लाजू नका.

घरच्यांनी करायच्या गोष्टी साध्या आहेत. मिक्सर लावण्याआधी हाक मारायची. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच. दार आपटत असेल तर फटीत कापड. वहिनींच्या शाळेत नंतर त्यांना घंटेपासून लांबचा वर्ग मिळाला, एवढ्यावर त्यांची दोन वर्षं निभावली. आणि खरंच दुखतं का हे बघायला मागून टाळी वाजवायची नाही. हे लिहायची वेळ येते, कारण लोक वाजवतात.

चार लोकांसाठी उत्सव बंद करायचा का?

बंद करा असं कुणी म्हणत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. सरकार ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, तीही वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. तक्रारीला ११२ आहे.

डीजे काढा आणि पारंपरिक वाद्यं आणा, असं म्हटलं की टाळ्या पडतात. मलाही लेझीम डीजेपेक्षा दहापट आवडते, आणि सोलापूरच्या मंडळांची लेझीम बघण्यासारखी असते. पण दुखऱ्या कानाला लेझमीचा खणखणाट आणि हलगीचा कडाका डीजेच्या दणदणाटाहून सुसह्य असेलच असं नाही. ढोल-ताशाचं पथकही जवळून १०० च्या वर जातं. म्हणून भांडण वाद्याचं नको, आवाजाच्या पातळीचं, वेळेचं आणि मार्गाचं असावं. मंडळाने मिरवणूक कोणत्या गल्लीत किती वाजता येणार हे आदल्या दिवशी गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, तरी वहिनींसारख्या माणसाला आपला दिवस आखता येतो. याला खर्च शून्य.

आणि ‘चार लोक’ हा आकडा कायम चारच राहील असं समजू नका. त्या अमेरिकी संस्थेच्या हिशोबाने कानाला दिवसात ८५ डेसिबलला आठ तास चालतात, ८८ ला चार, आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. स्पीकरच्या भिंतीसमोर पोरं दोन-दोन तास नाचतात. त्यांच्या खांद्यावर कधी कधी दोन-तीन वर्षांचं लेकरू असतं, त्याचा कान स्पीकरच्या बरोबर उंचीला. लहान मुलांच्या मापाचे इअरमफ ऑनलाइन मिळतात. ते नसतील तर पोराला खांद्यावरून उतरवा आणि स्पीकरपासून लांब न्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो.